पाय जमिनीला लागल्याची वेळ

माझ्या खिडकीवर 'विमान तिकिटं' अशी पाटी आहे. तिच्याखाली मी स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलंय : 'स्वस्त कुठलं ते फोनला विचारा. वेळेवर कुठलं ते मला विचारा.' अक्ताऊच्या बाजारात मासळीवाल्यांची रांग संपते तिथे माझी ही जागा. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढीच. हल्ली जो तो तिकीट फोनवर काढतो, तरी माझं गिऱ्हाईक तुटलेलं नाही. ज्याला कुठेतरी पोचायचंच असतं तो माझ्याकडे येतो.

ते येतात माझ्या वहीसाठी. माझ्याकडून तिकीट घेणाऱ्याला एक अट असते. उतरलात, पाय जमिनीला लागला, की आधी झौरेश अपायला, म्हणजे मला, कळवायचं, मग बायकोला. जो कळवत नाही त्याला पुढच्या वेळी मी दोन लठ्ठ माणसांच्या मध्ये बसवते. अशी तीन वर्षांची वही आहे. तारीख, वार, विमान, छापलेली वेळ, आणि शेवटच्या रकान्यात पाय जमिनीला लागल्याची वेळ. कंपन्यांचे आकडे मला कुणी सांगू नयेत. पंधरा मिनिटं गेली तर त्याला ते उशीरच म्हणत नाहीत. रद्द झालेलं विमान तर त्यांच्या लेखी जन्मालाच आलेलं नसतं. पावणेतीन तासांच्या वाटेला सव्वातीन तास छापायचे आणि वीस मिनिटं आधी पोचलो म्हणून प्रवाशांकडून टाळ्या घ्यायच्या, हेही मी पाहिलंय.

वही सुरू झाली ती माझ्या धाकट्या भावापायी. ओराझगाली त्याचं नाव. तेलाच्या विहिरींवर कामगारांना नेणारी-आणणारी बस चालवतो, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. बस त्याची कधी चुकली नाही, पण घरचं एकही कार्य त्याला वेळेवर सापडलं नाही. वरातीमागून घोडं म्हणजे आमचा ओराझ. मुलगी झाली तेव्हा हा वाळूच्या वादळात अडकलेला, तिसऱ्या दिवशी उगवला. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी फुलं घेऊन पोचला तेव्हा शाळेचा शिपाई फाटक लावत होता. भावजय वारली तेव्हा ही मुलगी, नाझेर्के, बारा वर्षांची. ती तेव्हापासून माझ्याकडेच वाढली. बाप आला की ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

तीन वर्षांपूर्वी नाझेर्केचं लग्न झालं. सासर पार तिकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्माटीजवळ एसिकला. सासरच्या मेजवानीला ओराझनं मला न विचारता फोनवर तिकिटं काढली, सगळ्यात स्वस्त. विमान नऊ तास उशिरा सुटलं. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे दात कोरत होते, गाणारे आपली वाद्यं गाडीत भरत होते, आणि विहीणबाई दारात उभ्या होत्या. कामशात त्यांचं नाव. त्या एवढंच म्हणाल्या, "या. मांस गरम करून देते." शिव्या घातल्या असत्या तर परवडल्या असत्या. ओराझ खाली मान घालून जेवला आणि मी परत आल्यावर एक जाड वही विकत घेतली.

तर यंदाची गोष्ट. मे महिन्यात एका दुपारी ओराझ माझ्या खिडकीशी आला. बाहेर रांगेत उभा राहिला, गिऱ्हाईकासारखा.

"आत ये की रे, रांगेत काय उभा राहतोस?"

"नको. आज मी गिऱ्हाईक आहे, अप्के." मला, मोठ्या बहिणीला, तो अप्के म्हणतो. टोपी काढून त्यानं फळीवर ठेवली. "शनिवारी अल्माटीला जायचंय. स्वस्त नको. खिडकीची सीट नको. वेळेवर पोचणारं दे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याचे ओठ हलत होते, हसू का रडू ते ठरत नव्हतं.

"नातू चालायला लागलाय, अलदियार," तो म्हणाला. "नाझेर्के म्हणते, दोरी मी कापायची."

आमच्यात मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या पिळाची दोरी बांधतात. पांढऱ्या कापडावर उभं करतात आणि कुणीतरी एक जण ती दोरी कापतो, मग मूल मोकळं चालतं. पण कापणारा माणूस पारखून घ्यायचा, कारण मूल त्याची चाल उचलतं. चपळ बघतात, शब्दाचा पक्का बघतात, वेळेचा पक्का तर बघतातच. अख्ख्या एसिकमधून कुणीही निवडायचं सोडून पोरीनं हा आमचा उंट निवडला होता.

"विहीणबाई काय म्हणाल्या?"

"त्यांनी शाळेचे जुने मुख्याध्यापक ठरवले होते, सेयितकाली म्हणून. तीस वर्षांत घंटा एक मिनिट चुकली नाही म्हणे त्यांची. विहीणबाई नाझेर्केला म्हणाल्या, तुझ्या बापानं कापली तर पोरगं जन्मभर उशिरा पोचेल." फळीवरची टोपी त्यानं उलटी करून ठेवली. "खरंच आहे ते."

"मग पोरगी काय म्हणाली?"

"ते नाही सांगितलं तिनं. पण शेवटी विहीणबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, व्याहीबुवा, बरोबर बारा वाजता. सूर्य डोक्यावर असताना. बाराला तुम्ही अंगणात असाल तर सुरी तुमच्या हातात, नसाल तर मुख्याध्यापकांच्या. आमच्या ह्यांना उशीर खपत नसे."

"आदल्या दिवशी जा मग! शुक्रवारी जा!"

"शुक्रवारी संध्याकाळी पाळी संपलेली माणसं घरी आणायची आहेत. बदली ड्रायव्हर मागितला, नाही मिळाला. तेवढी चाळीस माणसं वाळवंटात सोडून येऊ का?"

म्हणजे शनिवार सकाळच. शनिवारी सकाळी दोन विमानं. कारलिगाश कंपनीचं सहाला सुटतं, नऊ दहाला पोचतं. कोकझिएकचं सातला सुटतं, दहा दहाला पोचतं.

"कारलिगाशचं दे," ओराझ म्हणाला. "तासभर आधी जातं. जाहिरातीत पण शंभरातली ब्याण्णव वेळेवर लिहिलंय."

"जाहिरात!" मी वही काढली आणि फळीवर आपटली. मागे उभ्या असलेल्या बाईनंही मान पुढे काढली. "हे बघ. कारलिगाशचे मागचे एकोणीस शनिवार. सोळा वेळा काट्यावर काटा. मान्य. पण उरलेले तीन बघ. एकदा चार तास, एकदा साडेपाच, आणि एकदा आलंच नाही. का? कारण त्यांचं विमान रात्री इथे झोपत नाही, पहाटे दुसऱ्या गावाहून येतं. तिथे धुकं पडलं की इथे आपण बसा शेंगा सोलत. आता कोकझिएक बघ. एकोणीसच्या एकोणीस शनिवारी उशिरा."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"हो. त्यांची माणसं चहा प्यायल्याशिवाय शिडीच हलवत नाहीत. पण किती उशीर? कमीत कमी बारा मिनिटं, जास्तीत जास्त अडतीस. त्याच्या वर कधी नाही, कारण विमान रात्रभर इथेच उभं असतं. रोज अर्धा तास उशिरा घरी येणारा नवरा परवडतो रे, एरवी वेळेवर येऊन एखाद्या दिवशी गायब होणारा नाही परवडत."

मागची बाई म्हणाली, "अगदी खरं."

मी हिशेब मांडला. दहा दहा, त्यात अडतीस मिनिटं, दहा अठ्ठेचाळीस. एसिक पन्नास मिनिटांवर. अकरा चाळीसच्या आत अंगणात. बॅग सामानात टाकायची नाही, पट्ट्यासमोर उभं राहण्यात पंचवीस मिनिटं जातात. सुरी घरून न्यायची नाही, ती विमानात घेऊ देत नाहीत, सुरी तिथे मिळेल.

ओराझ बोटांवर काहीतरी मोजत होता. "पण अप्के, तिकडचा एक तास पुढचा धरायचा ना?"

इथे मला हसू आलं. जन्मभर आम्ही पश्चिमेची माणसं असंच मोजत आलो. आपल्याकडे अकरा तर अल्माटीला बारा. पण मार्चपासून सगळ्या देशाची वेळ एक झाली होती. त्यांनी आपली घड्याळं तासभर मागे घेतली, आम्हाला इथे काट्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. मी दोन महिने येईल त्या गिऱ्हाईकाला हे समजावून सांगत होते आणि सांगताना मला फार बरं वाटत होतं.

"ते दिवस गेले. आता इथे बारा तर तिथे बारा."

"नक्की? विहीणबाईंना एकदा विचारू का फोन करून?"

"काय विचारशील? बारा वाजता म्हणजे किती वाजता, असं? लाज काढू नकोस माझी. तीस वर्षं मी तिकिटं विकतेय."

त्यानं लगेच मान डोलावली. लहानपणापासून मी सांगितलं की तो ऐकतो, हा त्याचा मोठा दोष. मी कोकझिएकची दोन तिकिटं काढली, एक त्याचं, एक माझं. या वेळी मी त्याला एकट्याला सोडणार नव्हते.

शनिवारी पहाटे पाचलाच मी त्याला विमानतळावर नेऊन बसवला. त्यानं नवा सदरा घातला होता, मानेवर टोचत होता म्हणून सारखा बोट फिरवत होता. पिशवीत नातवासाठी मुद्दाम शिवून घेतलेले मऊ कातड्याचे बूट. सहा वाजायला आले. बाहेर कारलिगाशचं विमान आलं, माणसं चढली, दार लागलं आणि सहाच्या ठोक्याला ते निघालं. ओराझनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी वहीत डोकं घातलं.

"सोळाचे सतरा झाले," मी म्हणाले. "त्यानं काही सिद्ध होत नाही."

"मी काही म्हटलं का, अप्के?"

कोकझिएकच्या माणसांनी चहा घेतला. सात बाविसला आम्ही हललो. मी निश्चिंत होते, हे सगळं माझ्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. ओराझ तिन्ही तास पिशवीतले बूट हातात धरून बसला होता. एकदा त्यानं विचारलं, "कापताना दोन घोट्यांच्या अगदी मध्ये कापायची ना?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

दहा पस्तीसला शिडी उतरलो. पंचवीस मिनिटं उशीर, अंदाजाच्या आतच. मी रस्त्यातच थांबून वहीत लिहिलं आणि मग फोन चालू केला. नाझेर्केचे सात फोन येऊन गेले होते. आठवा हातातच वाजला.

"अपाय, कुठे आहात? इथे साडेअकरा वाजून गेले!"

"अगं, दहा छत्तीस झालेत. घड्याळ बघ."

"घड्याळच बघतेय मी! या घरात अकरा छत्तीस वाजलेत." पोरगी हळू आवाजात बोलत होती, मागे बायकांचा गलका होता. "सासूबाईंनी वेळ बदललीच नाहीये. भिंतीवरचं मोठं घड्याळ, सासऱ्यांनी लावलेलं. ते गेल्यापासून त्या दर रविवारी चावी देतात, पण काट्याला कुणाला हात लावू देत नाहीत. मार्चमध्ये सगळ्या गावानं घड्याळं मागे केली, त्या नाही म्हणाल्या. मला वाटलं, तुम्हाला फोनवर तरी नवी वेळ सांगितली असेल. आत्ता सकाळी मुख्याध्यापक गावाच्या बाराऐवजी या घराच्या बारासाठी येऊन बसले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोन करतेय, करतेय, तुमचे बंद!"

"त्यांना सांग की, विमान..."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बारा सांगितले होते, या घरात बारा एकदाच वाजतात. कोके कुठे आहेत?" बापाला ती कोके म्हणते.

ओराझ माझ्या शेजारीच उभा होता. फोनमधला शब्द न् शब्द त्यानं ऐकला होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

चोवीस मिनिटं उरली होती आणि रस्ता पन्नास मिनिटांचा होता. मी पहिली दिसली ती टॅक्सी पकडली, ओराझला आत ढकललं आणि चालकाला म्हटलं, "एसिक. उडव." चालक मागे वळून म्हणाला, "अपाय, उडायचं असेल तर विमान मागे राहिलं." एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. पण आज मी वही पिशवीत कोंबली आणि दार लावून घेतलं. तीस वर्षं तिकिटं विकतेय, असं म्हणाले होते ना मी? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या शहाण्यात आणि माझ्यात काय फरक? भावाचा जुना अडाणी हिशेब बरोबर होता. एक तास पुढचा धरला असता तर तो अंगणात बसून दही पीत असता. आणि ते कारलिगाशही वेळेवर पोचलं असणार.

"ओराझ," मी म्हणाले. "माझं चुकलं. तू विचारतो म्हणालास, मी विचारू दिलं नाही."

"नाही गं. वही तुझी खरी आहे. मीच तसा आहे. माझ्या पायाशी आलं की घड्याळसुद्धा उलटं चालतं." आणि मग शांतपणे तो चालकाला म्हणाला, "भाऊ, गाडी वळव. परत विमानतळावर घे."

"काय?"

"आता जाऊन काय करू, अप्के? सगळं उरकल्यावर पुन्हा एकदा फाटकात उभा राहू? मागे लग्नात नाझेर्के माझ्याकडे बघून हसली होती, सगळ्यांसमोर, माझी लाज झाकायला. मला नाही ते हसू पुन्हा बघवणार. म्हणू दे, विमान आलंच नाही म्हणून."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली. "बासष्ट वर्षांचा झालास! उशिरा गेलास तर तुझी लाज जाईल, न गेलास तर तिचा बाप जाईल. तू तिसऱ्या दिवशी आलास, फाटक लागताना आलास, मांस गार झाल्यावर आलास. पण आलास! एकदा तरी न येता राहिलास का? तेवढं एकच आहे तुझ्यापाशी, तेही आज टाकतोस?" चालकाला म्हटलं, "वळवलीस तर बघ." त्यानं वळवली नव्हतीच. उलट वेग वाढवला होता.

अकराला, म्हणजे त्या घरातल्या बाराला, आम्ही वाटेतल्या तलगार गावाच्या अलीकडे मेंढ्यांच्या एका कळपात उभे होतो. ओराझनं खिडकीबाहेर मान वळवली. मी त्याचा हात धरला. लहानपणी शाळेत नेताना धरायचे तसा, मनगटाला.

एसिकच्या त्या गल्लीत पाहुण्यांच्या गाड्यांनी तोंड बंद झालं होतं. टॅक्सी थांबली आणि मी पैसे काढेपर्यंत ओराझ उतरला. आणि धावायला लागला. माझा भाऊ कधी धावत नाही. जड अंग, डुलत चालणं, जन्म बसच्या सीटवर गेलेला. टोपी पडली, तो थांबला नाही. हातात ते इवलेसे बूट. मी टोपी उचलून मागे मागे. कुणाच्या तरी कोंबड्या उडाल्या. दोन पोरी कुंपणावर चढून ओरडल्या, "आले! आले!"

अंगणात माणसं गोल करून उभी होती. मधोमध पांढरं कापड अंथरलेलं, पलीकडच्या टोकाला मुलानं निवडायला पुस्तक, चाबूक आणि दोन तारांचं दोमब्रा वाद्य मांडलेलं. कापडाच्या या टोकाला नाझेर्के बसली होती, अलदियार मांडीवर, घोट्यांना दोरी. मला नंतर कळलं, तिनं आधी त्याला पाजलं होतं, मग कपडे बदलले होते, मग दोरीची गाठ तीनदा सुटली होती. आता सगळी निमित्तं संपली होती. मुख्याध्यापक सेयितकाली सुरी घेऊन तिच्यापुढे वाकले होते आणि नाझेर्के पोराचे दोन्ही पाय झग्याच्या घेराखाली झाकून त्यांच्याकडे मान वर करून बघत होती.

ओराझ कापडाच्या कडेशी येऊन थांबला. त्याला बोलता येईना, छाती भात्यासारखी चालली होती. विहीणबाई कामशात उभ्या होत्या, उंच, काटकुळ्या, डोक्याला पांढरा रुमाल.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "किती वाजले तुमच्या घड्याळात?"

ओराझनं मनगट वर केलं. "अकरा... सत्तावीस."

मुख्याध्यापकांनी उघड्या खिडकीतून आत भिंतीकडे बघितलं. "बारा सत्तावीस," ते घसा साफ करून म्हणाले. "आत पाहू शकता."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. विहीणबाई त्याच्या घामानं भिजलेल्या सदऱ्याकडे बघत होत्या, त्याच्या उघड्या डोक्याकडे, मग हातातल्या त्या बुटांकडे. मग नाझेर्केकडे वळल्या.

"त्या दिवशी तू मला काय म्हणाली होतीस गं? सगळ्यांसमोर सांग."

नाझेर्केचा चेहरा लाल झाला. पण बोलली ती स्पष्ट. "म्हटलं, माझ्या मुलाला उशीर झाला तर होऊ दे. पण ज्याची कुणी वाट बघतंय तिथे तो पोचल्याशिवाय राहणार नाही, असा माणूस मला हवाय."

विहीणबाई पाठ फिरवून घरात गेल्या. आम्हाला वाटलं, राग आला. मग खिडकीतून दिसलं, त्यांनी स्टूल ओढलं. त्यावर चढल्या, एक हात भिंतीला टेकवून. घड्याळाची काच उघडली. त्या काट्यांवर शेवटचा हात त्यांच्या नवऱ्याचा होता, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, कपाळ त्या लाकडाला लावून. मग त्यांनी बोट घातलं आणि मोठा काटा मागे, मागे, एक आख्खा फेरा मागे घेतला. घड्याळ एकदा कुरकुरलं आणि पुन्हा टिकटिक करायला लागलं.

बाहेर आल्या तेव्हा रुमालाच्या टोकानं हात पुसत होत्या, डोळे नाही पुसले. "मुख्याध्यापक, सुरी द्या इकडे. अजून बारा वाजले नाहीत." सुरी त्यांनी ओराझच्या हातात दिली. "आणि पाहुणे मंडळी, उभे काय राहिलात? अर्धा तास आहे. चहा घ्या. आमच्या व्याह्यांना लवकर यायची फार हौस, आता बसा म्हणावं वाट बघत."

अंगणभर हसू फुटलं. मुख्याध्यापकसुद्धा हसले. त्यांनी आपलं मनगटी घड्याळ काढून त्याची वेळ दोनदा ताडून बघितली.

मग माझ्या भावावर जी वेळ आली ती त्याच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. त्याला थांबायचं होतं. लवकर आलेल्या माणसानं हात कुठे ठेवायचे असतात ते त्याला माहीत नव्हतं. तो बाकावर बसला, उठला, सुरी या हातातून त्या हातात घेतली, शेवटी माझ्याकडे दिली. नाझेर्के येऊन त्याच्या शेजारी बसली आणि तिनं अलदियारला त्याच्या मांडीवर ठेवलं. मग जरा वेळानं आपलंही डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. तो अजिबात हलला नाही. कुणी चहा आणला तर डोळ्यांनीच नको म्हणाला. पोरगं त्याच्या सदऱ्याचं बटण चावत होतं. अर्धा तास ती तिघं तशी बसली होती आणि मी चुलीपाशी भांडी आपटायला म्हणून गेले, पण आपटली नाहीत.

बरोबर बाराला, आतल्या घड्याळाचे ठोके पडत असताना, ओराझनं गुडघे टेकले आणि दोन घोट्यांच्या अगदी मध्ये दोरी कापली. विहीणबाईंनी मूठभर गोळ्या-बताशे उधळले, पोरं त्यावर तुटून पडली. अलदियार नवे बूट घालून उभा राहिला. पुस्तकाकडे गेला नाही, चाबकाकडे गेला नाही. सगळ्यांना वाट बघायला लावून, डुलत डुलत, चार पावलं टाकत उलट आजोबाकडेच आला.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "चाल उचलली."

परतीच्या विमानात ओराझ झोपला. मी वही उघडली. कोकझिएक, शनिवार, पंचवीस मिनिटं उशीर, हे आधीच लिहिलेलं होतं. त्याच्या खाली मी एक ओळ आखली. या वहीत आजवर मी विमानांखेरीज कुणाची वेळ लिहिली नव्हती. नाव लिहिलं, ओराझगाली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, तेहतीस मिनिटं आधी.